बाबांनी शिकवलेलं सर्फिंग

"लाटेवर उभं राहायचं ते काय एवढं," गार्गी म्हणाली. "मला येतं. बाबांनीच शिकवलंय."

हे वाक्य तिने सिंगापूरच्या क्वीन्सटाउन भागातल्या एका परक्या फ्लॅटमध्ये, परक्या सोफ्यावर बसून, परक्या बाईचा चहा पिता पिता टाकलं. वस्तुस्थिती अशी होती की गार्गीने जन्मात सर्फबोर्डला हात लावला नव्हता. ती पोहायची, पण घराजवळ, बिशानच्या तलावात आणि तिथेही कठड्याच्या बाजूने. सिंगापूरच्या समुद्राला लाटा म्हणाव्या तशा नसतातच. एखादं मोठं जहाज लांबून गेलं, की पाणी कूस बदलल्यासारखं करतं आणि पुन्हा झोपतं. त्यामुळे हे खोटं इथे कुणी तपासू शकणार नाही, असा तिचा हिशेब होता.

झालं होतं असं. बाबांना, म्हणजे शामकांतना, जाऊन वर्ष होत आलं होतं. ते जहाजावर चीफ इंजिनियर होते, नंतर इथल्याच एका शिपिंग कंपनीत. त्यांच्या हाताखाली काम केलेले संग्रामकाका गार्गीला फोनवर म्हणाले, "चीफची एक वस्तू विनीताकडे राहिली आहे. येऊन बघून जा." विनीता कोण, हे गार्गीला माहीत नव्हतं. आईला विचारण्यासारखा तो प्रश्न वाटला नाही, म्हणून ती ऑफिसमधून परस्पर संग्रामकाकांबरोबर गेली.

वस्तू भिंतीवर टांगलेली होती. पिवळी, माणसापेक्षा उंच, इस्त्रीच्या टेबलाला पंख फुटावेत तशी. शेजारी फ्रिजवर बाबांचा फोटो. उघडे, ओले, काळेकुट्ट बाबा, आणि सगळे दात दिसतील असे हसणारे. गार्गीकडे बाबांचे चारशे फोटो होते. लग्नातले, मुंजीतले, पासपोर्टचे. एकातही दात नव्हते.

"शाम दर वर्षी यायचा आमच्याबरोबर," विनीता म्हणाली. "सुमात्राच्या पलीकडे एक बेट आहे. वस्ती नाही, काही नाही. नुसता प्रवाळाचा खडक आणि त्याच्यावर फुटणारी लाट. अशी लाट, की बघत राहावं."

साठीला आलेली बाई. पांढरी वेणी, दंड सुताराचे, चालणं मांजरीचं. गार्गीला तिचं काहीच आवडलं नाही, पण सगळ्यात जास्त खटकलं ते 'शाम'. आई त्यांना 'अहो' म्हणायची, ऑफिस 'सर' म्हणायचं, संग्रामकाका 'चीफ'. शाम नावाचा माणूस घरात कधी आलाच नव्हता. आणि दर वर्षी तर ते शेजारच्या बाताम बेटावर जायचे, ड्राय डॉकमध्ये जहाज तपासायला.

"मी हा बोर्ड घेऊन जाते," गार्गी म्हणाली.

"नेशील गं," विनीता म्हणाली. "पण त्याचा एक नियम शामनेच करून ठेवलाय. जो त्या लाटेवर या बोर्डावर उभा राहील, बोर्ड त्याचा. भिंतीला टांगायला द्यायचा नाही, असं म्हणायचा."

"तुमच्या भिंतीलाच तर टांगलाय."

"म्हणून तर पुढच्या महिन्यात घेऊन जाणार आहोत. त्याच्या नावाने मी जाईन म्हणते."

आणि त्यावर गार्गीने ते वाक्य टाकलं. संग्रामकाका एकदम उठले आणि पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ आलेच नाहीत.

"शामने शिकवलं?" विनीताने विचारलं.

"लहानपणी."

"वा. मग तूच चल."

घरी आल्यावर तिने नवऱ्याला, अमेयला, सगळं सांगितलं. अमेयने शांतपणे लॅपटॉप मिटला.

"एक बोर्ड आहे. तो आपण विकत आणू. दुकानात मिळतात."

"तो बाबांचा आहे."

"बरं. मग त्यांना खरं सांग."

"ती बाई त्यांना शाम म्हणते, अमेय."

त्याने लॅपटॉप पुन्हा उघडला.

आईला मात्र यातलं काही कळू द्यायचं नाही, हे गार्गीने आधीच ठरवलं होतं. आईचं, म्हणजे सुलभाबाईंचं, वर्ष कसंबसं गेलं होतं. त्यात आता ही विनीता आणि तिचा फ्रिज कशाला? "ऑफिसची सहल आहे, बिंतानला," गार्गीने सांगितलं. आई म्हणाली, "बरं. सैल कपडे घे."

तयारी सुरू झाली. मॉलमध्ये एका ठिकाणी यंत्राने लाटा काढतात, तिथे गार्गीने नाव घातलं. शिकवणारा पोरगा तिला 'आंटी' म्हणाला आणि वाढदिवसाला आलेल्या दुसरीच्या मुलांबरोबर उभं केलं. मुलं लाटेवरून चिमण्यांसारखी उडत होती. गार्गी मात्र तिच्यावरून पोत्यासारखी वाहत येऊन दर वेळी त्याच जाळीला अडकत होती. "आंटी, relax lah," एक चिमणी म्हणाली.

मग तिने घरीच सराव धरला. हॉलमध्ये सतरंजीवर पालथं पडायचं आणि टुणकन उठून उभं राहायचं. एका संध्याकाळी ती अशी पालथी पडलेली असताना आई खोलीतून बाहेर आली.

"काय चाललंय?"

"योगा."

"गुडघे वाकव जरा," आई म्हणाली, आणि भाजी निवडायला बसली.

अखेर विमान झालं, बोट झाली, आणि एका सकाळी गार्गी त्या बेटासमोर बोटीवर उभी होती. समोर नारळीची झाडं, काचेसारखं पाणी आणि लाट. यंत्रातली लाट आणि ही लाट यांच्यात तेवढंच साम्य होतं जेवढं गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत आणि धरणात असतं. ती लांबून मुकाट्याने यायची, खडकापाशी आली की उभी राहायची, क्षणभर आतून हिरवीगार दिसायची, आणि मग आख्खी चाळ कोसळावी तशी कोसळायची. फेस ओसरला की खाली खडक दिसायचा. गुडघाभर पाण्यात.

"सुंदर आहे ना?" विनीता म्हणाली.

"हो," गार्गी म्हणाली.

विनीता स्वतःचा बोर्ड घेऊन पाण्यात उतरली, हातांनी वल्हवत गेली, आणि पुढच्या लाटेवर बसल्या जागेवरून उठावं तितक्या सहज उभी राहिली. पांढरी वेणी मागे उडत होती. ती लाटेच्या हिरव्या भिंतीवरून तिरकी उतरत आली, पाण्याला एका हाताने नुसतं शिवत. गार्गीला वाटलं, बाबा असेच तिच्या मागोमाग येत असतील. दोघं हसत असतील, दात दाखवत. आणि आपण त्या वेळी बिशानला बसून, 'बातामला पोचलात का, गोळ्या घेतल्या का,' असे मेसेज पाठवत होतो. गार्गी सरळ सरळ जळत होती.

बाबांचा बोर्ड समोर होता, शेजारी मेणाची वडी. मेण लावायचं असतं एवढं तिने वाचलं होतं. कुठे, ते विचारायची सोय नव्हती. तेव्हा तिने डोकं चालवलं. कॅरमच्या बोर्डाला आपण पावडर का टाकतो? सोंगटी सुळकन जावी म्हणून. म्हणजे जिथे पाण्याशी घासतं तिथे मेण हवं. तिने बोर्ड उलटा केला आणि खालची बाजू मन लावून घासली. वरची बाजू, जिथे पाय रोवायचे असतात, ती ओल्या कापडाने लख्ख पुसून घेतली. फरशीसारखी चमकायला लागली.

संग्रामकाका चहाचा मग धरून बघत होते.

"असंच शिकवलं का चीफनी?"

"हो. असंच."

"हं," काका म्हणाले, आणि मगात तोंड घातलं.

बोर्डाची दोरी घोट्याला बांधतात. तिचा पट्टा तिला लागेना, म्हणून तिने नाडीला मारतो तशी गाठ मारली. गाठ सुबक होती.

खडकाच्या बाजूला खोल, शांत पाण्याची वाट असते, तिथे ती विनीताजवळ जाऊन तरंगत राहिली. एक लाट गेली. दुसरी गेली. तिसरी जाताना विनीता हळूच म्हणाली, "नको वाटत असेल तर राहू दे. या पाण्यात उतरलीस हेच खूप आहे. शामच्या नावाने मी जाऊन येते."

इथेच सगळं टळलं असतं. गार्गीच्या मनात खरोखर 'बरं' असंच होतं. पण मध्ये शाम आला.

"मी जाते," ती म्हणाली.

ती वल्हवत पुढे गेली. मागून समुद्र चढत असल्याचं तिला जाणवलं, म्हणून सतरंजीवरच्यासारखी ती टुणकन उठायला गेली. हात लख्ख पुसलेल्या बोर्डावरून सटकले, मग गुडघे, मग हनुवटी. मेण वरच्या बाजूला लावतात, पकड यावी म्हणून, हे तिला तेव्हा कळलं. क्षणभर ती बोर्डावर कोणत्याच अवयवाने नव्हती. नाडीची गाठ सुटली. लाटेने तिला उचललं, दोनदा फिरवलं, आतबाहेर धुतलं आणि खडकावर बसवलं. अगदी बसवलं, पाहुण्याला पाटावर बसवतात तसं. पाटावर आधीच कुणीतरी होतं. काळे, गोल, अंगभर सुयांचे, पिढ्यान्‌पिढ्या त्या खडकाला चिकटून राहिलेले, सी-अर्चिन नावाचे जीव.

गार्गी ओरडली, ते बोटीवरच्या नावाड्याने ऐकलं आणि नंतर बरेच दिवस आपल्या गावात सांगितलं म्हणतात.

बोर्ड मात्र एकटाच लाटेवर राहिला. तोल न सोडता, पाणी कापत, तो पार शांत पाण्यापर्यंत गेला आणि तिथे थांबला. इतकी देखणी लाट त्या सकाळी दुसऱ्या कुणाला मिळाली नाही. गार्गीला त्या अवस्थेतही बोर्डाचा हेवा वाटला.

अर्ध्या तासाने ती बोटीच्या फळ्यांवर पालथी पडली होती. संग्रामकाका सभ्यपणे दुसऱ्या टोकाला, बेटाकडे तोंड करून बसले होते. विनीता चिमटा घेऊन कामाला लागली होती. शेजारी लिंबं कापून ठेवली होती. लिंबांचा उपयोग कळला तेव्हा गार्गी दुसऱ्यांदा ओरडली.

"झालं, झालं," विनीता म्हणाली. "काय जागा निवडलीस. शामचीच."

"म्हणजे?"

"तोही तिथेच बसायचा. दर वर्षी. त्या खडकावर त्याची पाटीच लावायची होती आम्हाला."

गार्गीने मान वर केली. "म्हणजे कधीतरी पडायचे."

"कधीतरी? अगं, इतक्या वर्षांत शाम एकदाही उभा राहिला नाही. उठायचा, पडायचा, बसायचा. मग इथे, तू आहेस तिथे, पालथा पडून हसायचा. फ्रिजवरचा फोटो तेव्हाचाच."

बोटीला लाटांच्या थपडा लागत होत्या. गार्गीच्या डोक्यात एकेक गोष्ट सावकाश जागेवर बसत होती.

"मग मी जेव्हा म्हटलं, बाबांनी शिकवलं..."

"तेव्हा संग्राम स्वयंपाकघरात जाऊन हसून आला."

"अहो, नळ सोडून हसलो," दुसऱ्या टोकावरून आवाज आला. "ऐकू जाऊ नये म्हणून."

"मग आणलंत कशाला मला?"

विनीताने चिमटा थांबवला. "त्याची मुलगी खोटं बोलून का होईना, यायचं म्हणत होती. नाही कशी म्हणू?" मग पुन्हा वाकून काम सुरू केलं. "बोर्ड मात्र मिळणार नाही हं. नियम म्हणजे नियम. उभी नाही राहिलीस."

बिशानला गार्गी कुठेही न बसता पोचली. विमानात एका कुशीवर, टॅक्सीत गुडघ्यांवर, मागे तोंड करून. आईने दार उघडलं, तिला आत येताना पाहिलं, आणि काही न विचारता म्हणाली, "गादीवर पालथी पड. चष्मा आणते."

"आई, बिंतानला मी जिन्यावरून..."

"विनीताने दोन-तीन काटे ठेवलेच असतील. ती चष्मा लावत नाही ना, सारखं सांगते मी तिला."

गार्गीने उशीत तोंड खुपसलं. चिमटा, हळदीचा लेप, टेबललॅम्प, सगळं एका ताटात मांडून आलं. हात सरावाचा होता.

"तुला माहीत होतं?"

"ड्राय डॉकमध्ये काटे भरतात का कुणाला? आल्यावर हे आठवडाभर उभ्याने जेवायचे. तुम्हाला मूळव्याध सांगितली होती."

"मला का नाही सांगितलं?"

"तुला?" आई म्हणाली. "अँजिओप्लास्टीनंतर तू त्यांना खालच्या हॉकर सेंटरपर्यंत चहा प्यायला एकटं जाऊ देत नव्हतीस. चहातली साखर मोजायचीस. तुला सांगितलं असतं, तर तू पासपोर्ट लपवला असतास."

हे अगदी खरं होतं. तिने पासपोर्ट खरंच लपवला असता. कुठे लपवला असता, तेही तिला लगेच सुचलं.

"आणि तुला काही वाटायचं नाही? ती बाई, ते बेट, दर वर्षी..."

"वाटायचं ना. न वाटायला काय झालं?" आईने दिवा जवळ ओढला. "सगळी मजा तिच्याकडे आणि काटे माझ्याकडे. पण काटे काढताना हे सगळं सांगत बसायचे. लाट किती मोठी होती, पाणी कसं होतं. दर वर्षी म्हणायचे, सुलभा, या वेळी उभा राहिलो."

"तू काय म्हणायचीस?"

"काय म्हणणार? समोर दिसत होतं सगळं. हलू नकोस."

गार्गी हलली नाही. खाली बसस्टॉपवर बस थांबली आणि गेली.

"तू राहिलीस का उभी?" आईने विचारलं.

"राहिले," गार्गी उशीत म्हणाली.

"हो का," आई म्हणाली, आणि पुढचा काटा काढला.