सकाळचं पुस्तक, रात्रीचं पुस्तक

राजारामच्या पत्राला दत्ताराम सावंतांनी चार महिने उत्तर दिलं नव्हतं. गिरणीत शेजारच्या मागावर काम केलेला हा मित्र आता कणकवलीकडे गावी राहत होता. कानांनी कमी ऐकू येई, म्हणून फोनऐवजी पत्रच पाठवायचा. 'मेल्या, माका झोप येना नाय. तुझ्या झोपेच्या गोळयेचा नाव कळव,' एवढंच त्यात होतं. नाव कळवावं की नाही, या विचारात दत्तारामांनी निम्मी वही फाडली होती.

आणि घाटकोपरच्या त्यांच्या सोसायटीतल्या ज्येष्ठ नागरिक संघाने भाषणाला त्यांनाच उभं केलं. विषय, 'औषधं जपून घ्या'.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"काय राव, एवढी पुस्तकं वाचता!" म्हणून अध्यक्ष चंद्रप्रकाश परब निघूनही गेले.

बहात्तर वर्षांत कोणी त्यांना चार शब्द बोला म्हटलं नव्हतं. फजिती होऊ नये म्हणून त्यांनी एकोणीस पानं लिहून काढली.

स्वतःच्या औषधांची मात्र त्यांची एक पद्धत होती. गोळ्यांची स्ट्रिप ते पुस्तकात खूण म्हणून ठेवत. सकाळच्या चहाबरोबर इतिहासाचा जाडा ग्रंथ, त्यात प्रेशरची गोळी. रात्री कवितासंग्रह, त्यात झोपेची. गोळीचं नाव ते कधी वाचत नसत, पुस्तकाचं वाचत.

भाषणाच्या आदल्या दिवशी त्यांच्या पत्नी सुलक्षणाबाईंनी टेबल पुसलं. दोन स्ट्रिपा खाली पडल्या. त्यांनी त्या उचलल्या आणि हाताला येईल त्या पुस्तकात खुपसल्या.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता भाषण सुरू झालं. पहिलं पान बरं गेलं. दुसऱ्यावर जांभई आली. तिसऱ्यावर, "दुसऱ्याची गोळी कधीही..." म्हणत दत्ताराम खुर्चीत बसले आणि त्यांची हनुवटी छातीला टेकली.

"शुगर उतरली!" पहिल्या रांगेतल्या प्रेमाताईंनी पर्स उघडली. "माझी शुगरची गोळी द्या."

"अगं, त्याने आणखी उतरेल!" परब ओरडले. "हार्ट आहे हे. माझी जिभेखाली ठेवा."

"वात आहे वात! माझ्याकडे चूर्ण आहे."

बघता बघता झोपलेल्या वक्त्याच्या तोंडापुढे आठ तळहात आणि आठ रंगांची औषधं आली. सुलक्षणाबाई मध्ये घुसल्या.

"खबरदार! यांच्या तोंडात काय घातलंत तर! तळमजल्यावरच्या डॉक्टरला बोलवा आधी."

डॉक्टर तेजल धावत आल्या. नाडी पाहिली, प्रेशर पाहिलं.

"काकू, सकाळी काय घेतलं यांनी?"

"इतिहासातली गोळी."

"कसली?"

घरून ग्रंथ आणवला गेला. डॉक्टरांनी स्ट्रिपवरचं नाव वाचलं. "ही झोपेची आहे. काका झोपलेत." मग त्यांनी वळून विचारलं, "भाषण कुठवर आलं होतं?"

"दुसऱ्याची गोळी कधीही, इथवर," परब म्हणाले.

डॉक्टर त्या आठ तळहातांकडे बघत राहिल्या. एकेक मूठ गपचूप मिटली.

दत्ताराम दुपारी जागे झाले. उशाशी डॉक्टर बसून होत्या.

"भाषण?" त्यांनी घाबरत विचारलं.

"झकास झालं," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "शेवटपर्यंत कोणी उठून गेलं नाही. झोपलात ते तुम्हीच."

डॉक्टरांनी त्यांना वारांचे कप्पे असलेली डबी दिली आणि दोन्ही पुस्तकांतल्या स्ट्रिपा काढून घेतल्या. त्या संध्याकाळी दत्तारामांनी एकही कागद न फाडता पत्र लिहिलं:

'राजाराम, गोळीचं नाव कळवणार नाही. तुझ्या डॉक्टरला दाखव. सोबत माझं भाषण पाठवतोय. माझा तिसऱ्या पानावर डोळा लागला. डॉक्टर म्हणतात गोळीने. मला तेवढी खात्री नाही. तू वाचून बघ.'

सुलक्षणाबाईंनी पाकीट चारही बाजूंनी दाबून पाहिलं.

"नुसता कागदच आहे ना?"

"नुसता कागद."

एकोणीस पानांचं पाकीट नाक्यावरच्या पोस्टाच्या पेटीच्या तोंडात अडकलं. दत्तारामांनी त्याच्यावरचं नाव एकदा नीट वाचलं आणि दोन्ही अंगठ्यांनी ते आत ढकललं.