खेळाडू दाखवण्याचा कार्यक्रम

प्रत्येक शिक्षणसंस्थेच्या आयुष्यात एक काळ असा येतो, की तिला शिक्षणाखेरीज आणखी काहीतरी हवंसं वाटू लागतं. काही संस्था अशा वेळी लिफ्ट बसवतात. जुन्या इंदूरमधल्या आमच्या विद्याविनय महिला महाविद्यालयाला चषक हवासा झाला. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलचा. संस्थेचे अध्यक्ष अप्पासाहेब यांचं वय सत्त्याऐंशी. त्यांनी वार्षिक सभेत स्पष्टच सांगितलं, "डोळे मिटायच्या आत तो कप ऑफिसच्या कपाटात दिसला पाहिजे." कपाट कोणतं हेही त्यांनी बोट दाखवून सांगितलं. (त्यातल्या उत्तरपत्रिका त्याच दुपारी जिन्याखाली हलवण्यात आल्या.) मी अच्युत, या संस्थेचा कार्यवाह. पगार नाही, पण सगळ्या कागदांवर सही माझी.

आमच्याकडे संघ नव्हता असं कुणी समजू नये. संघ होता आणि शलाका त्याची कर्णधार होती. अन्नपूर्णा मंदिरामागे राहणारी, पाच फूट चार इंच उंचीची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षातली मुलगी. सकाळी सहाला मैदानावर हजर. कोर्टवरच्या रेषा ती स्वतः चुन्यानं आखायची, चेंडूत हवा भरायची, नव्या मुलींना चाली शिकवायची आणि दरवर्षी संघाला उपांत्य फेरीपर्यंत नेऊन परत आणायची. तिचं एकच मागणं होतं, की शेवटच्या वर्षी तरी फायनल खेळायला मिळावी. मागणं बिनखर्चाचं असल्यामुळे समितीनं ते एकमतानं मंजूर केलं.

आड येत होतं बायपासवरचं एक कॉलेज. त्याचं नाव मी घेणार नाही; इमारत काचेची आहे, म्हणून आम्ही त्याला काचेचं कॉलेज म्हणतो. चषक कायम तिकडेच. त्यात दोन वर्षांपूर्वी विद्यापीठानं दोन परिपत्रकं काढली. पूर्वी कॉलेज बदललेल्या खेळाडूला वर्षभर बाहेर बसावं लागे. पहिल्या परिपत्रकानं ती अट गेली. वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस कुणीही कुठेही जावं आणि दुसऱ्या दिवशी खेळावं. या पंधरवड्याला सगळे विंडो म्हणतात. दुसऱ्या परिपत्रकानं खेळाडूंना आपल्या नावाचे आणि फोटोचे पैसे घ्यायची मुभा मिळाली. ही दोन्ही परिपत्रकं स्त्रियांच्या दृष्टीनं क्रांतिकारक आहेत, असं मी दोन भाषणांत म्हटलेलं आहे. (त्यातलं दुसरं भाषण काचेच्या कॉलेजात झालं. मानधन बरं होतं.)

तेव्हा खेळाडू बाहेरून आणायच्या, हे ठरलं. कशा आणायच्या, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. परक्या घरची मुलगी आपल्याकडे आणायची आमच्या मंडळींना एकच पद्धत माहीत आहे आणि तिच्या तज्ज्ञ द्वारकाबाई आमच्याच तळमजल्यावर बसतात. अडतीस वर्षं त्या वधू-वर सूचक केंद्र चालवतात. मोबाइलवर लग्नं जमायला लागल्यापासून केंद्राला काम उरलं नव्हतं आणि छापलेले सहाशे कोरे फॉर्म पडून होते. समितीनं ते फॉर्म जसेच्या तसे वापरायचं ठरवलं. त्यात उंचीचा रकाना आधीपासूनच होता, यावरून जुन्या लोकांची दूरदृष्टी दिसते. वर्ण, गोत्र आणि मंगळ हे रकाने खोडायचा एक विचार होता, पण मग तेवढी जागा मोकळी दिसली असती. (पुढे असं आढळलं, की मंगळ असलेल्या खेळाडू सामन्यामागे सरासरी ३.४ फाउल करतात आणि नसलेल्या ३.३. शास्त्र आहे.)

पहिला वाद झाला तो आपण वरपक्ष की वधूपक्ष यावर. मुलगी आपल्याकडे येणार, म्हणजे आपण वरपक्ष, असं अप्पासाहेबांचं म्हणणं. द्वारकाबाईंनी त्यांना अनुभवाचे बोल ऐकवले. "पैसे आपण देणार, पोहे आपण करणार आणि हो-नाही ते लोक कळवणार. मग अप्पासाहेब, आपण कोण झालो?" त्या दिवसापासून संस्थेनं नमतं घ्यायला सुरुवात केली.

दर रविवारी अकरा वाजता कार्यक्रम असे. खेळाडू, आईवडील आणि एक मामा सोफ्यावर. समोर खुर्च्यांवर समिती. जिरावण मसाला भुरभुरलेले पोहे आणि जलेबी घेऊन शलाका आतून यायची, कारण ती घरचीच. प्रश्न ठरलेले होते. नाव काय, शिक्षण किती, गाणं येतं का. खेळून दाखव असं मात्र कुणालाही म्हटलं गेलं नाही. चार पुरुषमाणसांसमोर मुलीला उड्या मारायला लावणं द्वारकाबाईंना पसंत नव्हतं. फार तर थोडं चालून दाखवायला सांगत. पहिल्या वर्षी निवडलेल्या सहा जणींपैकी एक व्हॉलीबॉलची निघाली, ती यामुळेच.

देण्याघेण्याचं बोलणं अत्यंत सभ्यतेनं होई. वडील म्हणत, "आमचं काही मागणं नाही. तुम्ही तुमच्या हौसेनं जे काय द्याल ते द्या." हे वाक्य ऐकलं की आमचे खजिनदार पाणी मागवत. मग यादी व्हायची. रुचीची यादी माझ्यासमोर आहे. रुची यंदाची, रतलामची, उंची पाच फूट अकरा इंच, पत्रिकेत प्रशिक्षकांशी छत्तीसपैकी साडेएकतीस गुण जुळलेले. यादी अशी: फी पूर्ण माफ. स्कूटी एक, रंग मुलीच्या पसंतीचा. दरमहा बारा हजार रुपये, फोटोचे. मामांना सफारीचं कापड. आजीला इरकल साडी (आजी हयात नसल्यास रोख). खाली दोन्हीकडच्या सह्या आणि चारही कोपऱ्यांना हळदकुंकू.

फोटोचे पैसे यशवर्धनजी द्यायचे. त्यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. ते स्वतः पोलोग्राउंडच्या कारखान्यात सेव बनवतात. रुचीचा उडी मारतानाचा फोटो त्यांनी लौंग सेवेच्या साठ हजार पाकिटांवर छापला. पैसे देणाऱ्याचा माणूस बाकावर बसलेला बरा दिसत नाही, म्हणून यंदाच्या यादीवाल्या पाचही जणी पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळायच्या आणि शलाका बाकावरून त्यांना हातवारे करून चाली सांगायची. आम्ही धडाधड जिंकत गेलो. इंदुरात लोक सेव खाताना आमच्या कॉलेजचं नाव घेऊ लागले. मला स्वतःला भाजीवाल्यानं ओळखून कोथिंबीर जास्त दिली. एवढा आनंद मला मुलाच्या लग्नातही झाला नव्हता, आणि ते मी त्याला सांगितलंही आहे.

खेळाडू टिकत नाहीत अशी एक तक्रार होते. तिच्यात तथ्य नाही. पहिल्या वर्षीच्या सहा जणी आमच्याकडे सरासरी एकाहत्तर दिवस राहिल्या. आमचे एक प्राचार्य चाळीस दिवसांत गेले होते. प्रत्येक जाणारीची द्वारकाबाईंनी खणानारळानं ओटी भरली आणि काचेच्या कॉलेजची गाडी दाराशी उभी असताना डोळ्यांना पदर लावून सांगितलं, "जाशील तिथे नाव काढ गं बाई." त्यांनी काढलंही. आमच्याविरुद्ध एकीनं बावीस गुण केले.

यंदा मात्र आम्ही फायनलला पोचलो. सामना शनिवारी, काचेच्या कॉलेजशी होता. हिवाळ्याची विंडो आदल्या बुधवारी उघडणार होती. हे दोन्ही कागद माझ्याच टेबलावर होते, फक्त वेगवेगळ्या फायलींत. बुधवारी सकाळी दहा वाजता रुचीचे मामा पेढे घेऊन आले. मी भाबडेपणानं एक खाल्ला. दुपारपर्यंत यादीवाल्या पाचही जणी काचेच्या कॉलेजात पोचल्या होत्या. स्कूटीही गेली, ती मुलीच्या नावावर होती.

अप्पासाहेब अंथरुणाला लागले. यशवर्धनजींचा फोन आला. "भिया, चाळीस हजार पाकिटं गोदामात पडली आहेत. पोरगी तुमच्या ड्रेसमध्ये उड्या मारते आहे आणि खेळणार तिकडून! मी सेवेवर आता काय स्टिकर लावू?" मी म्हटलं, शलाका आहे. ते म्हणाले, "कोण?"

जुन्या संघातल्या मुली बाकाला कंटाळून केव्हाच सोडून गेल्या होत्या, म्हणून शलाकानं हॉस्टेलमधून चार मुली गोळा केल्या. दोघी गरब्यातल्या, एक एनसीसीची आणि एक जिला चष्म्याशिवाय बास्केट दिसत नव्हती. दोन दिवस पहाटेपासून त्यांना पळवलं. शनिवारी समोर ज्या पाच जणी उभ्या राहिल्या त्यांना आमच्या सगळ्या चाली शलाकानंच शिकवल्या होत्या, त्यामुळे कोण कुठून वळणार हे तिला त्यांच्या आधी कळत होतं. रुची उडी मारायची तेव्हा ही खाली उतरण्याच्या जागेवर जाऊन चेंडूची वाट पाहत असायची. चाळीस मिनिटं ती एकदाही बाहेर आली नाही. गुडघा सुजला, पट्टी बांधली, पुन्हा धावली. शेवटच्या सहा सेकंदांत तिनं दोन गुण केले आणि आम्ही एकेचाळीस-एकोणचाळीसनं जिंकलो. मी खुर्चीवर चढून ओरडलो, उतरताना पडलो आणि पडल्या पडल्या रडलो. हे मी कार्यवाह म्हणून लिहीत नाही.

सत्कार अत्यंत हृद्य झाला. अप्पासाहेब चाकाच्या खुर्चीतून आले. शलाकाला शाल आणि श्रीफळ देऊन ते म्हणाले, "पैशानं पाय विकत मिळतात, निष्ठा नाही मिळत." दोन मिनिटं टाळ्या. यशवर्धनजींना तिथल्या तिथे सुचलं, की नव्या पाकिटांवर शलाकाचा फोटो आणि खाली 'निष्ठेची चव' असे शब्द छापायचे. सगळं इतकं मंगल चाललं होतं, की पुढच्या रविवारी अकरा वाजता शलाका आईवडील आणि मामांना घेऊन हॉलमध्ये आली, तेव्हा आम्हाला वाटलं आभार मानायला आली.

ती सोफ्यावर बसली.

"अगं, तिकडे काय बसतेस? आत ये, पोहे तयार आहेत," द्वारकाबाई म्हणाल्या.

"नाही मावशी, आज मी फॉर्म भरून आणला आहे," ती म्हणाली आणि तिनं तो टीपॉयवर ठेवला. "एम.ए. इथंच करायचं आहे. अजून दोन साल खेळता येईल. रुचीची जी यादी झाली होती ना, बस तेवढीच माझी पण करून द्या. वरून एक रुपया नको. मामांचं कापड पण नको." (मामांचा चेहरा किंचित उतरला.)

मी म्हटलं, "बेटा, तू तर घरची आहेस."

"तेच तर काकाजी. तीन सालपासून घरची आहे, पण घरच्यांनी एकदा पण नाही विचारलं की तुला काय पाहिजे. गुडघ्याचे एक्स-रे पण पप्पांनी केले."

अप्पासाहेबांचे डोळे भरून आले. "शलाका, तू पण?" एवढंच ते म्हणू शकले. यशवर्धनजींनी व्यावहारिक अडचण समजावून सांगितली. "देखो बेटा, तुझी स्टोरी फ्रीवाली आहे. पैसे घेतलेस तर मग पाकिटावर निष्ठा कशी छापू? माझं पण काही इमान आहे."

शलाकानं सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं. मग फॉर्म उचलला, नीट घडी घातली. "ठीक आहे काकाजी. चला मम्मी," म्हणाली आणि थोडी लंगडत जिना उतरली. काचेच्या कॉलेजनं तिच्याशी संध्याकाळपर्यंत यादी केली. तिकडे ती टाइप केलेली असते आणि तिला करार म्हणतात. त्यात गुडघ्याच्या उपचारांचं वेगळं कलम आहे असं ऐकतो. सोमवारच्या बैठकीत समितीनं खेळातल्या वाढत्या व्यापारीकरणाबद्दल तीव्र खेद व्यक्त करणारा ठराव केला. तो मीच लिहिला. चांगला झाला आहे.

आता वाचकांशी दोन शब्द. तुम्ही म्हणाल, समितीचं चुकलं, आम्ही असतो तर त्या मुलीला पहिल्यांदा दिलं असतं. असेल. पण शेवटच्या सहा सेकंदांत ती सुजलेल्या गुडघ्यानं धावली तेव्हा तुम्हाला भरून आलं होतं. किती गुणी पोरगी, असं तुम्ही मनात म्हणालात. तिला याचे किती मिळतात, असा प्रश्न काही तुम्हाला पडला नाही, आणि पडला असता तर सामन्याची गोडी थोडी कमीच झाली असती. समितीत सध्या एक जागा रिकामी आहे. तुमची मुलाखत घ्यायची गरज आम्हाला वाटत नाही.