पन्नासाचा बेडूक

माझ्या नणंदेच्या लग्नात शेजारच्या मधुअण्णांनी आहेर म्हणून बेडूक दिला. खरा नव्हे हो, पन्नासाच्या नोटेचा! निळाशार, मागून दाबला की टुणकन उडी मारणारा. तो उडाला तो थेट भटजींच्या ताम्हनात. सासूबाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मीच पाळला होता.

अण्णा एसटीतले रिटायर कंडक्टर. बायको कधीच गेली, पोरबाळ नाही. बेलापुरात आमच्या पिठाच्या गिरणीला लागून त्यांची खोली. नोटा उभ्या घडीने बोटांत धरायची सवय जन्माची. मुक्कामी गाडीवर वेळ जाता जात नसे, तेव्हा जुन्या तिकिटांचे पक्षी करायला लागले म्हणे. रिटायर झाल्यावर तिकिटं संपली आणि नोटांवर आले. शंभराचा जांभळा मोर, दोनशेचं पिवळं फुलपाखरू. पाचशेचा राखाडी उंदीर मात्र फक्त जवळच्या माणसांना.

पंगतीतसुद्धा यांचं "पुढं सरका, पुढं सरका" चालूच. आणि आहेर हातावर ठेवला की ठरलेलं वाक्य, "जोर न्हाई लावायचा. उघडंना झालं की घरी या, मी उलगडून दितो."

कोण जातंय! लोक सरळ हिसडा देतात. मोराची मान फाटली की चिकटपट्टी लावून खपवतात. एका नवरदेवाने तर तोंडावर सांगितलं, "अण्णा, मोबाईलवरून पाठवा की."

"मोबाईलमधून मोर जातो व्हय?" म्हणाले अण्णा.

मध्यंतरी आम्ही गिरणीला नवी मोटर बसवली. पूजेला अण्णा "पुढं सरका" करत नारळापाशी पोचले आणि माझ्या हातावर बेडूक ठेवला. मलाही बेडूकच! दुसऱ्या दिवशी उघडायला बसले, तर नख घालायला फट सापडेना. तोंडाकडून बघितलं, पायाकडून बघितलं. डोकंच फिरलं माझं. पिठाचे हात तसेच घेऊन तरातरा त्यांच्या दारात गेले.

"अण्णा, पाकिटात घालून द्यायला काय जातंय हो तुमचं?"

अण्णा ताडकन उठले. मी भांडायला आलेय हे त्यांच्या गावीही नव्हतं. "आल्या! बसा वैनी, बसा."

शेगडीशेजारी दोन कप पालथे घातलेले, बशांसकट. खारीचा पुडा, तोही न फोडलेला. खुर्चीवर धुतलेला टॉवेल अंथरलेला.

"कोणी यायचंय का?"

"आहेर दिला की मांडून ठिवतो. उलगडायला यील कुनीतरी म्हनून."

"मग येतात का?"

अण्णा पुडा फोडत म्हणाले, "तुमीच पैल्या."

माझा राग कुठल्या कुठे गेला. एवढ्या लग्नांत एवढे मोर वाटले माणसाने, आणि या खुर्चीवर कुणी बसलंच नव्हतं. फार वाईट वाटलं मला.

चहा झाला, मग अण्णा बेडूक उलगडायला बसले. एक पाय सुटला की थांबायचे आणि गोष्ट सांगायचे. कोल्हारला कोंबडीचं तिकीट काढायचा हट्ट धरणारी म्हातारी. घाटात बंद पडलेली गाडी. त्यांच्याच गाडीला रोज हात करणारी एक मुलगी, जी पुढे त्यांची बायको झाली. तिच्या गोष्टीला तर अख्खा एक पाय लागला.

शेवटी नोट सपाट झाली. "झालं," म्हणाले, आणि आवाज एकदम उतरला. मी उठले तसे लगबगीने म्हणाले, "थांबा की!" भराभर घड्या घालून पुन्हा बेडूक केला आणि माझ्या हातावर ठेवला. "ह्याची घडी येगळी हाय. लई अवघड. उद्या उलगडून दिन."

घरी येऊन बघितलं. घडी तीच होती. कुठली कड ओढायची ते मला आता पक्कं ठाऊक होतं. कड धरलीसुद्धा. मग सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरणी बंद केली आणि बेडूक घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले.

"अण्णा," म्हटलं, "आज बी उघडंना हो."