गंजाचा वैरी

"काय अंधार करून बसलात," म्हणत मी तापकीरभाऊंच्या घरातला पडदा सर्रकन ओढला आणि भाऊंनी मला पडद्यासकट भिंतीला दाबलं. आजारी माणसाला भेटायला जाताना मी शहाळं नेलं होतं, अक्कल घरी राहिली होती.

त्यांच्या बायकोच्या, शालनवहिनींच्या गालात आतून कॅन्सरचा चट्टा निघाला होता. उपचार उजेडाचा. आधी औषध द्यायचं, मग त्या जागी लाल उजेड सोडायचा. पण औषध अंगात आहे तोवर काही आठवडे ऊन वर्ज्य. हे मला माझ्या बायकोनं मी निघतानाच जिन्यात सांगितलं होतं. मी 'हूं' म्हटलं होतं.

भाऊ मूळचे इथले, चऱ्होलीचेच. चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत, रंगकामाच्या पेंट शॉपमध्ये तीस वर्षं काढली, त्यामुळे गंज हा त्यांचा खासगी वैरी. खिशात कायम पॉलिश पेपर. बोलता बोलता तुमचं गेट घासायला लागतात. "गंज म्हंजी चोर हाय राव. आत शिरला की आवाज न्हाई करत." माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा भाऊंनी खाली वाकून त्यांची गाडी तपासली आणि वर येऊन चारचौघांत निकाल दिला, "मानसं बरी हायती. सायलेन्सर गेलाय."

पडदा पुन्हा नीट लागल्यावर अंधारात भाऊंचा आवाज आला. "डॉक्टरला इचारलं, उजेडानं व्हतंय काय? ते म्हनले, औषधावर उजेड पडला की आतला प्राणवायू खवळतो, कॅन्सरच्या पेशी जाळतो. तुमच्या भाषेत, त्यांना गंज लागतो." मग म्हणाले, "तीस वर्सं ज्याला मारला, त्याच्याच पाया पडायची येळ आली."

"मला हात लावायच्या आदी खिसा रिकामा करत्यात," पलंगावरून वहिनी म्हणाल्या. "पॉलिश पेपर दिसला तर गंज बिथरंल म्हनं."

निघताना त्यांच्याच सेफ्टी डोअरवर मला रुपयाएवढा तांबडा डाग दिसला. मघाची चूक भरून काढावी म्हणून मी तो नखानं खरवडायला गेलो. भाऊंनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या, राव," ते अगदी हळू म्हणाले. "पुढच्या आठवड्यात तपासनी हाय. तवर त्याला दुखवायचं न्हाई."

घरी येऊन मी हे हसत हसत सांगितलं. बायको हसली नाही. आमच्या गंजून कुरकुरणाऱ्या दाराला तेल घाला म्हणून ती सहा महिने माझ्या मागे होती. आता म्हणाली, "वहिनींची तपासणी होईपर्यंत आपल्याही दाराला तेल घालू नका. तेवढं जमेल तुम्हाला."