सीलबंद थंड हवा

"मोजल्याशिवाय मी काहीही घेत नाही!"

हे वाक्य मिलीमीटर दिवसातून चार वेळा तरी म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं. वजनमापे खात्यात तो निरीक्षक होता. लोकांचे तराजू तपासता तपासता घरी आला तरी त्याचा हात थांबायचा नाही. चपला घ्यायला गेला तरी खिशातून मोजपट्टी काढायचा! दुकानदार आधी हसायचे, मग घाबरायचे. 'मिलीमीटर' हे नाव त्याच्या मेहुण्याने ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं, की रागावली की बायकोही तेच वापरायची.

तर या मिलीमीटरने एका सोमवारी जेवताना जाहीर केलं, "या रविवारी आपली जीप तुझ्या माहेरचा चढ एका दमात चढणार! थांबायचं नाही, उतरायचं नाही, ढकलायचं नाही!"

समोर बसलेल्या आत्याचा घास हातातच राहिला. ही बायकोची आत्या. गुडघ्याच्या उपचारासाठी आठ दिवस म्हणून आली होती, त्याला आता तीन वर्षं झाली होती.

"मागच्या वेळीही असंच म्हणाला होतात, जावईबापू. मी दोन वळणं पायी गेले!"

"मागच्या वेळी इंजिनाला गार हवा पाजणारा कोल्ड एअर इनटेक नव्हता, आत्या!"

बायकोचं माहेर टेकडीच्या माथ्यावर, फळबागेत. वर जाणारा रस्ता नावालाच रस्ता; दगड, माती आणि नाकासमोर चढ. जीप सपाटीवर गुणी मुलीसारखी धावायची, पण तिसऱ्या वळणावर आली की खोकायची, धापा टाकायची आणि बसकण मारायची. मग वरून मेहुणा ट्रॅक्टर घेऊन उतरायचा. त्याला बोलवावंही लागत नसे. दोर खांद्यावर तयारच असायचा.

"या भावजी! आज दोन मिनिटं उशीर केलात!"

या रविवारी सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. सगळं गणगोत वर जमणार होतं. बायकोने ताट बाजूला सारलं.

"अहो, नीट ऐका. या वेळी दोर लागला, तर सोमवारी जीप विकायची. सगळ्या नातेवाइकांसमोर माझ्या भावाने आपल्याला ओढत न्यायचं, हे मला पुन्हा बघायचं नाही."

"कबूल!" मिलीमीटर म्हणाला खरा, पण लगेच उठून खिडकीतून जीपकडे बघून आला. त्या जीपवर त्याचा जीव होता. तिच्या बॉनेटवरून हात फिरवल्याशिवाय तो ऑफिसला जात नसे.

दुसऱ्या दिवशी तो गॅरेजमध्ये हजर झाला. गॅरेजवाल्याला सगळे उस्ताद म्हणत. उस्तादने तीन इनटेक काढून बाकावर मांडले.

"इंजिनाला थंड हवा मिळाली की ताकद वाढते, साहेब. हा उघडा फिल्टर. आवाज झकास, पण बॉनेटखालची गरम हवा ओढतो. हा बंद डब्यातला. बाहेरची गार हवाच घेतो. आणि हा उंच नळीवाला, टपाच्या वरून श्वास घेतो. पाण्यातून गाडी घालायची असेल तर."

"तिन्ही घरी नेतो. मोजून सांगतो."

"न्या की. पण मी काय म्हणतो, आधी जुना डबा उघडून बघू या का?"

"अजिबात नाही!" मिलीमीटर ओरडला. "त्याला सील आहे!"

सील होतं, हे खरं. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या कुठल्या गॅरेजमध्ये जीपचा चांगला पार्ट काढून जुना बसवला गेल्याचा त्याला संशय आला होता. तेव्हापासून त्याने जीपमध्ये जे जे उघडतं, त्याला तार ओवून शिशाचं सील ठोकलं होतं. एअर फिल्टरच्या डब्यालाही. सील म्हणजे त्याच्या लेखी देवाचा शब्द! घरात एकदा साखर लवकर संपते म्हणून त्याने साखरेच्या डब्यालाही सील लावलं होतं, आणि बायकोने ते अडकित्त्याने तोडून त्याच्याच चहात टाकलं होतं.

तिन्ही इनटेक हॉलमध्ये आले. मिलीमीटर रोज ऑफिसातून आला की नळ्यांचे व्यास, फिल्टरच्या घड्या, रबराची जाडी मोजून वहीत उतरवू लागला. आत्याने उंच नळीला छत्री अडकवली. तरी निर्णय होईना. जुन्या डब्यात जाणारी हवा मुळात गरम किती, हे कळल्याशिवाय थंड किती हवी, हे ठरणार कसं?

गुरुवारी त्याने रजा टाकली. कपाटातून ताप बघायचा थर्मामीटर उचलला, डब्याच्या तोंडाशी बांधला आणि इंजिन सुरू केलं. पारा सरसर चढून बेचाळीसच्या शेवटच्या रेघेवर जाऊन बसला.

"बघा! ही उकळती हवा पिऊन बिचारी चढ चढणार कशी?" असं त्याने आजूबाजूला कुणी नसतानाही बजावलं, थर्मामीटर शर्टाला पुसला आणि जागेवर ठेवून दिला.

आता, काटा शून्यावर आणल्याशिवाय मोजू नये, हे तो गावभरच्या व्यापाऱ्यांना सांगत फिरायचा. पण पारा झटकून खाली आणायचं तो स्वतःच विसरला!

दुपारची झोप झाली की ताप बघायचा, हा आत्याचा नेम होता. ताप कधीच नसायचा आणि त्याचं तिला फार वाईट वाटायचं. आज तिने थर्मामीटर काखेत धरला, बाहेर काढला, चष्मा लावला आणि तिचा चेहरा उजळला.

"बेचाळीस! मी म्हणत नव्हते, मला आतून ताप असतो म्हणून?"

घरात एकच धावपळ! बायकोने कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या. शेजारीण बर्फ घेऊन आली. मिलीमीटर "बेचाळीस म्हणजे फारच!" असं म्हणत डॉक्टरांना आणायला चप्पल न घालताच धावला. डॉक्टर आले, तेव्हा आत्या उशांना टेकून चौथं बिस्किट चहात बुडवत होती.

"बाई, एवढ्या तापात माणूस शुद्धीवर नसतो," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही तर बिस्किटं खाताय!" त्यांनी थर्मामीटर उचलला, नाकाशी नेला. "याला इंजिन ऑइलचा वास कसा?"

सगळ्यांच्या माना एकाच माणसाकडे वळल्या.

"मी... जरा जीपचा बघत होतो."

"मिलीमीटर!" बायको किंचाळली.

आत्या मात्र रुसली. "या घरात माझी जांभळी कानटोपी गेली, तेव्हाही कुणी मनावर घेतलं नाही. आता माझा तापही गेला!"

त्या संध्याकाळी मिलीमीटरने गुपचूप वही मिटली आणि बंद डब्याचा इनटेक निवडला.

शनिवारी उस्तादने बॉनेट उघडलं. नवा बसवायचा, तर जुना डबा काढायलाच हवा. मिलीमीटरने जड हाताने स्वतः तार कापली. झाकण वर झालं आणि दोघं बघतच राहिले.

हवेच्या नळीतून शिरून कुणीतरी आत संसार थाटला होता! सोफ्याचा कापूस, शेंगांची टरफलं, मिलीमीटरच्या हरवलेल्या वहीची कुरतडलेली पानं, आणि या सगळ्यावर पांघरलेली एक जांभळी लोकरीची कानटोपी. टोपीतून पिल्लांच्या गराड्यातल्या एका उंदरिणीने मान वर केली आणि 'दार लावा, वारा येतोय' अशा नजरेने पाहिलं.

उस्तादला खाली बसावं लागलं, इतका तो हसला. मग त्याने ते कुटुंब अलगद मागच्या कुंपणाशी नेऊन सोडलं आणि इंजिन सुरू केलं. जीपने अशी डरकाळी फोडली, की समोरच्या दुकानातला न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला.

"साहेब, चार वर्षं हिचं नाक चोंदलं होतं. जुन्या डब्यात नवा फिल्टर टाकला तरी काम झालं. इनटेक परत करू?"

मिलीमीटरच्या डोळ्यांसमोर बायको, आत्या आणि दोरासकट मेहुणा उभे राहिले. "लावा," तो क्षीण आवाजात म्हणाला. "आणि उस्ताद, यातला एक शब्दही बाहेर..."

"तोंडाला सील समजा, साहेब!"

रविवार उजाडला. पहिलं वळण. दुसरं वळण. बायकोने डोळे मिटले. तिसऱ्या वळणावर मेहुणा ट्रॅक्टरवर बसून दोराचा फास नीट करत होता. जीप त्याच्या अंगावर धुरळा उडवत अशी वर गेली, की त्याचा 'या भावजी' तोंडातच राहिला! मिलीमीटरच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोने त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि "जीप वाचली हो!" म्हणून ती चक्क टाळ्या वाजवू लागली.

माथ्यावर सगळं गणगोत जीपभोवती जमलं. सासऱ्यांनी बॉनेटवर हात ठेवला. मागून ट्रॅक्टर आला आणि मेहुणा दोरासकट खाली उतरला.

"मानलं, भावजी! केलंत तरी काय?"

"शास्त्र आहे!" मिलीमीटरची छाती चार इंच फुगली. "इंजिनाला थंड हवा लागते. तीन दिवस मोजमाप केलं. तीन इनटेक तपासले. मोजल्याशिवाय मी काहीही घेत नाही!"

"मग मोजूनच सांगा, नक्की किती फरक पडला?"

"एक कानटोपी," मागून आवाज आला.

आत्या जीपमधून उतरत होती. तिच्या डोक्यावर आत्ताच पिशवीतून काढून चढवलेली जांभळी कानटोपी होती, धुतलेली, आणि कुरतडलेल्या भोकातून तिचा डावा कान बाहेर आला होता.

"अगं आत्या, ही कुठे सापडली?" बायकोने विचारलं.

"उस्ताद सकाळी देऊन गेला. तोंडातून एक शब्द काढला नाही हो त्याने! नुसतं बॉनेटकडे बोट दाखवलं." आत्याने टोपी कानावर ओढली. "तीन वर्षांत या घरात नीट सील करून ठेवलेली तेवढी एकच वस्तू होती. बाकी तुमचं चालू द्या, जावईबापू."

मेहुणा हसत हसत दोरावरच बसला. सासरे हसले, बायको हसली, आणि शेवटी मिलीमीटरही हसला. मग कुणाचं लक्ष नाही असं बघून त्याने हळूच बॉनेट उघडलं आणि आदल्या संध्याकाळी नव्या डब्याला ठोकलेलं सील नेलकटरने कापून टाकलं.