इतिहासात एकतीस, अर्थात मुंगीबाईसाहेबांची कॉलेजस्वारी

मुंगीबाईंच्या मातोश्रीसाहेबांची आज्ञा जाहली की, आमचे बंधू राजश्री मामासाहेब गल्लोगल्ली "पोरीला कॉलेज मिळालं ते माझ्यामुळे" ऐसे सांगत फिरतात आणि लोकही चहा पाजून ऐकतात, तरी खरे काय घडले ते कोणाची भीडमुर्वत न धरिता लिहून ठेवावे. आज्ञा शिरसावंद्य मानून चौकशी केली, साक्षीदार धुंडाळिले, खुद्द मामासाहेबांची जबानी घेतली, आणि तीतून मामासाहेब वजा करून जे शिल्लक उरले ते येणेप्रमाणे लिहिले आहे.

तीर्थरूपांचे दुकान तसबिरींना चौकटी घालण्याचे. पुढे काचा भिंतीस टेकलेल्या, वर लाकडी पट्ट्यांचे भारे, मधोमध कापावयाचे मेज, आणि मागे एक पडदा, त्या पडद्याआड संपूर्ण राज्य: एक खोली, एक मोरी, एक कपाट. तीर्थरूप मितभाषी. जगात जे काटकोनात नाही त्यावर त्यांचा भरवसा नसे. चित्र आणि लाकूड यांमध्ये जाड पुठ्ठा घालून त्यास खिडकी कापितात, त्यास कारागीर माउंट म्हणतात. तीर्थरूपांचे मत ऐसे की वाईट फोटो जगात नसतोच, माउंट चुकलेला असतो. मातोश्री दवाखान्याच्या धोबीखान्यात चादरींच्या मोहिमेवर. आणि उभयतांची एकुलती कन्या, चणीने लहान आणि आपणाहून मोठ्या काचा उचलणारी, म्हणोन सर्व गल्ली तीस मुंगी म्हणे.

मुंगीबाईसाहेबांच्या मनी अर्थशास्त्र शिकावे ऐसे होते. परंतु खजिन्यात दोन्ही हात घातले तरी आपलीच बोटे हाती लागत, तेव्हा पूर्ण फीमाफी मिळाली तरच कॉलेज, नाही तर दुकानाच्या गल्ल्यावर कायमची नेमणूक, ऐसा बाका प्रसंग होता. आणि फीमाफी देणारे बारावीबरोबर अकरावीचाही कागद मागत. त्या अकरावीच्या कागदावर पाच विषय शूर निघाले आणि सहावा, म्हणजे इतिहास, ऐन वेळी फितूर होऊन एकतीस गुणांवर बसला. पुढे फेरपरीक्षा देऊन तो विषय सोडविला खरा, परंतु मूळ कागद तो मूळ कागद. ऐसे का जाहले हे मुंगीने कोणास सांगितले नाही. जो विचारी त्यास "वेळ पुरला नाही," एवढेच उत्तर मिळे, आणि ज्यांस वेळ भरपूर ते तेवढ्यावर मनसोक्त डोके हलवीत.

मग रविवारी दुपारी शटर अर्धे ओढून मसलत बसली. मामासाहेब विमा विकण्याच्या धंद्यातले, म्हणोन अनर्थांची त्यांस उपजत जाण. ते कॉलेजांच्या गुळगुळीत पुस्तिकांचा भारा घेऊन दाखल जाहले. पुस्तिकांत विद्यार्थी हिरवळीवर बसून हसत होते. कशास हसतात ते छापिले नव्हते, आणि पुस्तक उघडून बसलेला एकही आढळला नाही. मामासाहेबांनी फर्मान काढिले की मोठ्या कॉलेजावरच चाल करावी, आणि तो एकतीस कोणाच्या नजरेस पडता कामा नये.

मातोश्री म्हणाल्या, "मग काय, खोडरबर घेऊ?"

"ताई, तू तुझ्या चादरींत लक्ष घाल."

यावर मातोश्रींनी चहाचे पातेले चुलीवरून उतरविले आणि मामासाहेबांस दुसरा कप त्या दिवशी मिळाला नाही, ही नोंद महत्त्वाची.

तीर्थरूपांनी अकरावीचा कागद उचलिला, बापाच्या नजरेने नव्हे तर कारागिराच्या नजरेने न्याहाळिला, पट्टी लाविली आणि पेन्सिल कानावरून काढिली. मजकूर ऐसा की गुणपत्रिकेत वर नाव आणि पाच विषय, सर्वांत खाली एकूण बेरीज आणि शिक्का, आणि इतिहास नेमका यांच्या मध्ये. मग तीर्थरूपांनी दोन खिडक्यांचा माउंट कापिला. वरच्या खिडकीत पाच शूर, खालच्या खिडकीत बेरीज, आणि मधली बोटभर पट्टी इतिहासावर ऐसी बसली की जणू तो विषय कधी शिकविलाच नव्हता. वर काच, बाजूस सोनेरी कड, मागे खाकी टेप.

मातोश्रींनी विचारिले, "अहो, मार्कांचा कागद कुणी फ्रेम करून नेतं का?"

"काचेतल्या गोष्टीला लोक मान देतात. हात लावत नाहीत."

मुंगी म्हणाली, "बाबा, हे लपवणं झालं."

तीर्थरूप दुखावले. "लपवणं कसलं गं? माउंट आहे तो."

सोमवारी खाशी स्वारी कूच करिती जाहली. पुढे मामासाहेब मोकळ्या हातांनी दिशा दाखवीत, मध्ये मुंगी छातीशी चौकट धरून, आणि मागे तीर्थरूप "कोपरा सांभाळ, कोपरा सांभाळ," ऐसा जप करीत. बसमध्ये एका वृद्ध बाईंनी कागदात गुंडाळलेली सोनेरी कड पाहिली, उठून जागा दिली आणि गहिवरून विचारिले, "कोण गेलं गं बाळा?"

मुंगी म्हणाली, "इतिहास."

बाईंनी हात जोडिले.

पहिला किल्ला काचेचा. दरवाजा आपणहून उघडे, आत थंड वारा, आणि सोफा ऐसा की बसलेला मनुष्य उठेपर्यंत निम्मे सत्र संपावे. तेथील किल्लेदार टायवाले तरुण गृहस्थ, त्यांनी चौकट हाती घेतली आणि कागद न वाचिता कडेची तारीफ केली. मग मुंगीस एक पिशवी आणि एक पेन बहाल करून प्रवेश मंजूर, फीमाफी मंजूर, ऐसा हुकूम तोंडी सादर केला. मामासाहेबांचा ऊर भरून आला आणि त्यांनी दुसरे पेन मागून घेतले.

तेव्हा मुंगीने पुसिले, "सर, फीमाफी तिन्ही वर्षांची ना?"

"पहिल्या वर्षी शंभर टक्के! पुढचं पुढे बघू. पॉझिटिव्ह राहायचं."

"म्हणजे दुसऱ्या वर्षाची नाही."

"अहो, आधी आत तर या!"

मुंगीने पिशवी सोफ्यावर ठेविली आणि विचार करून कळविते ऐसे बोलून माघार घेतली. पायऱ्यांवर मामासाहेबांचा तोफखाना सुरू जाहला. "दाजी, पोरीला आवरा! फुकट देतायत आणि ही कांदेबटाटे घेतल्यासारखी घासाघीस करते!" तीर्थरूप चौकटीचा डावा कोपरा तपासत होते. पेन मात्र मामासाहेबांच्या खिशास लागलेले सर्वांनी पाहिले.

दुसरा किल्ला घराजवळ, टायरच्या दुकानावर. तेथे तट नाही, खंदक नाही, आणि मास्तरही नाहीत. शिपायाने डोळे न उघडता सांगितले, "नाव लिहा, ताई. फी किरकोळ. यायची गरज नाही, परीक्षेला फोन करू." हा किल्ला न लढताच हाती येत होता, आणि जे न लढता येते त्यात राहून काय करावे, म्हणोन स्वारी जिन्यावरूनच परतली.

तिसरा किल्ला दोन बसा बदलून. भिंतीचा रंग उडालेला, व्हरांड्यात बाके, बाकांवर रांग. खिडकीत चष्मेवाले कारकून बसले होते आणि त्यांच्या हाताशी कॅल्क्युलेटर, ज्याची बटणे झिजून कोरी जाहली होती. त्यांनी चौकट पाहिली, मुंगीकडे पाहिले, मग काचेवरूनच पाच विषयांची बेरीज मारिली आणि ओठ मुडपून पुन्हा मारिली.

"काका, हे तीनशे शहाण्णव होतात. खाली चारशे सत्तावीस लिहिलेत. वरचे एकतीस कुठून आणले?"

येथे पराक्रमाची कमाल पाहावी. जो एकतीस कमी म्हणोन झाकिला, तोच आता जास्त म्हणोन पकडला गेला! नापास कन्या एका क्षणात खोटे गुण वाढविणारी कन्या जाहली, आणि रांगेतील सर्व माना एकदम लांब जाहल्या. मामासाहेब घाईने बोलिले, "छपाईची चूक असेल हो." तीर्थरूपांनी सोनेरी कडेवरून हात फिरविला.

कारकुनांनी प्रवेश पाहणाऱ्या बाईंस बोलाविले. बाई वयस्क, बोटांस खडू, आवाज धारेचा. त्यांनी चौकट उलटी केली, सुलटी केली आणि विचारिले, "या पट्टीच्या मागे काय आहे?"

मामासाहेब तोंड उघडणार तोच मुंगीने चौकट मेजावर पालथी घातली, घरच्या किल्लीने खाकी टेप चरचर फाडिला, आणि तीर्थरूपांस म्हणाली, "बाबा, पक्कड द्या."

तीर्थरूपांच्या खिशात पक्कड असतेच. मग त्यांनी स्वहस्ते एकेक खिळा उपटून दिला, काच उतरविली, माउंट उतरविला, आणि इतिहास प्रकट जाहला.

बाई म्हणाल्या, "एकतीस. का गं?"

"वीस तोंडी परीक्षेचे. लेखीला सहा प्रश्न होते. मी एकच लिहिला."

"कोणता?"

"किल्ला का पडला, कारणे लिहा. पुस्तकात फितुरी होती, चार ओळींत. मला पटेना. आत माणसं किती, घोडे किती, धान्य किती, पाणी किती, असं मांडत बसले. पुरवण्या घेतल्या. घंटा झाली तेव्हा वैरणीवर होते."

"मग, का पडला?"

"वर्षभराचं धान्य भरलं होतं, मॅडम, आणि वेढा दोन वर्षं चालला. शूर होते सगळे. पण पुढच्या वर्षाचं कुणी विचारलंच नव्हतं."

मामासाहेबांचा हात आपोआप खिशातील पेनावर गेला, आणि तीर्थरूपांनी पहिल्यांदा कोपरा सोडून कन्येकडे पाहिले. काचेच्या किल्ल्यातून ती का उठली हे दोघांसही तेथेच, त्या खिडकीपाशी, एकदम उमगले.

बाई चौकटीवरून माउंट उचलून पाहात राहिल्या. मग म्हणाल्या, "कापलाय मात्र छान. कुणी?" तीर्थरूपांनी चोरासारखा हात वर केला.

"काका, हा घरी न्या. कागद तेवढा ठेवा." आणि मुंगीस, "तुझं काही विचारायचंय?"

"फीमाफी किती वर्षांची?"

"तिन्ही. लेखी देते. पण एक जरी विषय गेला तरी बंद."

"आणि इतिहास आहे का पहिल्या वर्षाला?"

"सक्तीचा."

रांगेत कोणी खुदकन हसले. मागे काचेचा किल्ला सोफ्यासह उभा होता आणि त्यात सक्तीचे काहीच नव्हते, हे ध्यानी घ्यावे. मग मुंगी म्हणाली, "चालेल. पण घड्याळ समोर ठेवून लिहीन."

बाई हसल्या ऐसे मामासाहेब सांगतात. कारकून म्हणतात की बाई हसत नसतात.

तह ठरला, लेखी मिळाला, कारकुनांनी त्याचीही बेरीज तपासिली, आणि सायंकाळच्या आत स्वारी घरी परतली. मातोश्रींनी सर्व वृत्तांत उभ्यानेच ऐकिला आणि एकच प्रश्न केला की तेथे दुपारी पोटभर खावयास मिळते काय. मिळते, आणि तेही माफीत, हे ऐकल्यावरच त्यांनी पातेले चुलीवर चढविले. त्या दिवशी मामासाहेबांसही दुसरा कप मिळाला, कारण विजयात उदार असावे.

पुढे तीर्थरूपांनी गुणपत्रिकेची झेरॉक्स त्याच सोनेरी कडेत घातली, एकाच मोठ्या खिडकीचा नवा माउंट कापिला, आणि नमुना म्हणोन दुकानी दर्शनी भागी लाविली. गिऱ्हाईक विचारी, "काका, इतिहासात एकतीस?" तीर्थरूप पट्टीवरून नजर न काढिता म्हणत, "हो. त्याच्यावरच सीट मिळाली."

येणेप्रमाणे कॉलेजस्वारी फत्ते जाहली, ती नोंदविली असे. बखरीच्या रिवाजाने किल्ल्यांची उंची, रांगेची लांबी आणि मामासाहेबांचे मौन यांत कमीजास्त जाहले असेल, वाचणारांनी सांभाळून घ्यावे. एक आकडा मात्र होता तैसाच ठेविला आहे. एकतीस. वाढविला नाही, झाकिला नाही.