अप्पांचं लिव्हर

वडवणीत कुणी रामराम घातला की महादप्पा वाणी उलट रामराम घालत नसत. विचारत, "पोट काय म्हणतंय?" समोर तहसीलदार असला तरी हेच. त्यांच्या दुकानात मीठ आणायला गेलेला माणूस पोटाची हकीकत सांगितल्याशिवाय सुटत नसे.

मी त्यांचा शेजारी, शाळामास्तर. मला तर रोजच ऐकावं लागे. "पोटात जंतूंचा बाजार भरलेला ऱ्हातो, मास्तर. भले बी येतेत, खिसेकापू बी येतेत. दह्यानं भले वाढतेत." लग्नाला जाताना ते स्वतःचं विरजण डब्यात नेत, परक्या विरजणावर त्यांचा भरवसा नव्हता. थंड पेयांच्या बाटल्यांसाठी दुकानात नवा फ्रिज आला, त्यात बाटल्या कमी आणि दह्याची गाडगी जास्त. बायकोला, गंगाक्कांना, दोन्ही टायमाला वाटीभर दही आणि वर मूठभर साखर. नको म्हणायची सोय नव्हती.

अक्कांच्या उजव्या कुशीत जड वाटू लागलं. बीडला तेव्हा सोनोग्राफी नवीच आली होती. दोघांसोबत मीही गेलो. डॉक्टर म्हणाले, "लिव्हरला चरबी चढलीय."

अक्का पांढऱ्याफटक पडल्या. आमच्याकडे लिव्हर बिघडतं ते दारुड्याचं, आणि लेकीला बघायला लातूरची मंडळी चार दिवसांत यायची होती. "सायेब, मी थेंबाला शिवले न्हाई हो. लोक काय म्हनतील?"

"दारू न पिताही होतं. बायकांनाही होतं," डॉक्टर म्हणाले. "साखर बंद, रोज चालायचं. हेळसांड केलीत तर मात्र अवघड आहे."

साखर म्हटल्यावर अप्पांनी मान खाली घातली. परतीच्या एसटीत अक्का पदरानं तोंड झाकून बसल्या. पथ्य पाळलं की गावाला कळेल, या धाकानं अक्का पथ्यच करणार नाहीत, ही माझी धास्ती.

स्टँडवर ओळखीचे दोघे-तिघे उभेच होते. "का म्हून गेलते बीडला? अक्काचं काय निघालं?"

अक्कांनी माझा दंड घट्ट धरला.

"तिचं कशाला?" अप्पा म्हणाले. "माझं लिव्हर बिघडलंय. घेतो मी, चोरून."

गळ्यात इष्टलिंग बांधलेला लिंगायत माणूस, सुपारीचं खांडही कधी न खाल्लेला! गावानं तोंडात बोटं घातली. लातूरकरांनी मात्र 'पुरुषमाणूस, चालायचंच' म्हणून सोयरीक केली. बाईच्या नावावर हेच निघालं असतं तर? मला अजून संताप येतो. पुढं रोज सकाळी अप्पा चालायला निघत आणि अक्का 'नवऱ्याला सोबत' म्हणून मागं. घरात साखर बंद झाली, तीही अप्पांच्याच नावावर.

शिवरात्रीला मात्र समाजाच्या मंडळींनी त्यांचा पालखीचा खांदा काढून घेतला. तो मान वडिलांपासूनचा. पालखी दुकानावरून गेली तेव्हा अप्पा पायरीवर हात जोडून उभे होते. डोळे भरले होते. लेकीचं लग्न एव्हाना पार पडलं होतं. मला राहवेना. "अप्पा, आता तरी खरं सांगून टाका."

आत भाकरी थापणाऱ्या अक्कांकडे त्यांनी एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"नगं, मास्तर. साखर मीच चारली तिला. दुखनं तिच्या वाट्याला आलं, बदनामी तरी माझ्याकडं ऱ्हाऊ द्या."